मशीनच्या मागून येणारी हवा

व्हॅक्यूम क्लीनर असलेली घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तो नियमित वापरणारी घरे मात्र थोडी. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात तर ही गोष्ट घरोघरी दिसते. घरातले कोणी ना कोणी कुवेत, दुबई, मस्कतला असते. सुट्टीवर येताना किंवा कार्गोच्या खोक्यातून मिक्सर, इस्त्री, ब्लँकेट यांच्याबरोबर कधीतरी एक व्हॅक्यूम क्लीनरही येतो. पहिले आठ दिवस सगळे कौतुकाने वापरतात. मग तो कपाटावर चढतो आणि ईदच्या आधीच्या सफाईला खाली उतरतो. "ओढत नाही हो आता," असे म्हणून पुन्हा वर जातो.

आमच्या घरी असे मशीन तीन वर्षांपूर्वी आले. कुवेतमधला फ्लॅट सोडताना धाकट्या भावाने आपले वापरलेले मशीन आम्हाला पाठवून दिले. घरात आम्ही दोघे, दोन मुले आणि अम्मी. आम्ही दोघेही शाळेत शिकवतो. घर जांभ्या दगडाचे, रस्त्याला लागून. एप्रिल-मे महिन्यांत खिडकीच्या चौकटीवर तांबड्या मातीचा थर बसतो आणि जून ते सप्टेंबर गाद्या दमट होतात. अम्मींना दमा आहे. त्यामुळे धूळ ही आमच्या घरात फक्त दिसण्या-न दिसण्याची बाब नाही.

मशीन आल्यावर आम्हाला आनंद झाला होता. केरसुणीने झाडले की धूळ उडते आणि अम्मींना उठून ओटीवर जावे लागते. मशीन धूळ ओढून घेते, म्हणजे हा त्रास संपणार असे वाटले. पण घडले वेगळेच. खोली चकचकीत दिसायची, गादी झटकल्यासारखी हलकी व्हायची आणि अर्ध्या तासाने अम्मींचा खोकला सुरू व्हायचा. एकदा त्या म्हणाल्या, "खोली साफ झाली बेटा, पण माझा घसा काही साफ झाला नाही."

हे वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. उर्दूत बसलेल्या धुळीला 'गर्द' म्हणतात आणि हवेत उडालेल्या धुळीला 'गुबार'. मराठीतही तसेच दोन शब्द आहेत, धूळ आणि धुरळा. दम्याच्या माणसाला गर्द फारसा त्रास देत नाही. त्रास देतो तो गुबार. आमचे मशीन गर्द उचलत होते, हे डब्यात दिसत होते. प्रश्न एवढाच होता की गुबार कुठून येत होता?

उत्तर मशीनच्या रचनेत आहे, म्हणून आधी ती रचना समजून घेऊ. ज्याला कॅनिस्टर म्हणतात त्या प्रकारात मोटार आणि धुळीचा डबा एका चाकांच्या पेटीत असतात. त्याला लांब लवचिक पाइप, पुढे सरळ नळी आणि टोकाला ब्रश. मोटार एक पंखा अतिशय वेगाने फिरवते. पंखा पेटीतली हवा मागे फेकतो, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा ब्रशमधून आत धावते. येताना ती धूळ घेऊन येते. म्हणजे हे मशीन थेट धूळ ओढत नाही, ते हवा ओढते. धूळ हवेबरोबर येते. आणि जेवढी हवा पुढून आत गेली, तेवढीच मागून बाहेर पडलीच पाहिजे. या बाहेर पडणाऱ्या हवेकडे आपण पाहतच नाही. आपले लक्ष ब्रशकडे असते.

हवेच्या या वाटेवर बहुतेक मशीनमध्ये तीन चौक्या असतात. पहिली पिशवी किंवा डबा. जाड कचरा, केस, वाळू इथे थांबते. दुसरी मोटारीच्या आधीचा फिल्टर, बहुधा स्पंजाचा किंवा नमद्यासारख्या कापडाचा. धुळीपासून मोटारीचे रक्षण करणे हे त्याचे काम. तिसरी चौकी मोटारीच्या मागे, हवा बाहेर पडते त्या जाळीच्या आत. इथे घड्या घातलेल्या कागदासारखा फिल्टर असतो. त्यावर 'हेपा' लिहिलेले असेल तर तो सगळ्यांत बारीक धूळ अडवतो. खऱ्या हेपा फिल्टरची व्याख्या अशी की 0.3 मायक्रॉन आकाराच्या कणांपैकी 99.97 टक्के कण त्याने अडवले पाहिजेत. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. पहिल्या दोन चौक्या मशीनसाठी आहेत. तिसरी चौकी घरातल्या माणसांसाठी आहे.

आमच्या मशीनमध्ये ही तिसरी चौकी नावापुरतीच उरली होती. मागची जाळी उघडते हे पेटीवर कुठेही लिहिलेले नव्हते. खाली दोन बारीक खाचा होत्या, त्यात नाण्याची कड घालून दाबल्यावर ती सुटली. आत फिल्टरच्या घड्या काळ्या पडल्या होत्या, एका कोपऱ्यात कागद फाटला होता आणि कडेची रबरी पट्टी वाळून तुटली होती. हवा नेहमी सोपी वाट धरते. फटीतून जाता येत असेल तर ती फिल्टरमधून कशाला जाईल? कुवेतच्या वाळूच्या वादळांतली बारीक धूळ, आमची तांबडी माती आणि गादीतला भुसा, सगळे त्या फटीतून अम्मींच्या खोलीत परत येत होते. तेही ज्या उंचीवर आपण पलंगावर झोपतो, साधारण त्याच उंचीवर.

खात्री करायला आम्ही दोन साधे प्रयोग केले. आपणही घरी करू शकता. रात्री खोलीतले दिवे घालवून मशीन सुरू करा आणि मागच्या जाळीसमोर टॉर्चचा झोत आडवा धरा. झोतात कण नाचताना दिसले तर समजावे. दुसरा प्रयोग, पांढरा धुतलेला रुमाल मागच्या जाळीवर दोन मिनिटे सैलसर धरायचा. आमच्या रुमालावर जाळीची राखाडी नक्षी उमटली. रुमाल घट्ट दाबून ठेवू नये, कारण हवा कोंडली तर मोटार तापते.

रुमालाचा हा प्रयोग नवा नाही. 1901 साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने एक सफाई यंत्र पाहिले. ते धूळ ओढण्याऐवजी फुंकून उडवत होते. बूथला वाटले, फुंकण्यापेक्षा ओढावे आणि मध्ये गाळणी ठेवावी. त्याने एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला आणि तोंडाने हवा आत ओढली. ठसका लागला, पण रुमालावर धुळीचा डाग पाहून आपली कल्पना बरोबर आहे हे त्याला कळले. त्याचे पहिले यंत्र घोडागाडीवर होते. ते रस्त्यावर उभे करून खिडकीतून घरात पाइप सोडत.

पुढची गोष्ट आम्हाला अधिक जवळची वाटते. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचा माणूस एका दुकानात झाडलोटीचे काम करीत असे. त्याला दमा होता. गालिचा झाडताना उडणाऱ्या धुळीने तो हैराण व्हायचा. त्याने पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून स्वतःपुरते यंत्र बनवले. 1908 मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि ते हक्क पुढे हूवर कुटुंबाने विकत घेतले. म्हणजे घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या मुळाशी एका दमेकऱ्याचा खोकला आहे आणि त्यातला पहिला फिल्टर म्हणजे उशीचा अभ्रा. आज आपण पहिल्यांदा विसरतो तो फिल्टरच.

जमिनीवर आडवे पडून मागे मागे येणारे, आजच्या कॅनिस्टरसारखे मशीन स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने 1921 मध्ये आणले. त्याला चाके नव्हती, धातूच्या पट्ट्यांवर ते घसरत येई. आपल्या देशात 1982 मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सच्या सेल्समननी दारोदार जाऊन ही वस्तू मध्यमवर्गाला ओळखीची केली. टाय लावलेला तरुण आपल्याच गादीतली धूळ काढून आपल्याला दाखवायचा, हे चाळिशी ओलांडलेल्या अनेकांना आठवत असेल.

ही मशीने ज्या घरांसाठी घडली, त्यांत गालिचे भिंतीपासून भिंतीपर्यंत असत. आपली घरे वेगळी. म्हणून त्यांच्या काही सवयी आपल्याला चमत्कारिक वाटतात. त्या समजल्या की अर्ध्या तक्रारी संपतात.

ब्रशच्या वर पायाने दाबायची एक पट्टी असते. गालिच्यावर केस आत आणि लादीवर केस बाहेर, असा त्याचा अर्थ. लादीवर केस आत ठेवले तर ब्रश जमिनीला चिकटतो किंवा वाळूचे कण पुढे ढकलतो. मुठीजवळ एक छोटी सरकती खिडकी असते. पडदे किंवा हलकी सतरंजी साफ करताना ती उघडायची, म्हणजे ओढ कमी होऊन कापड आत खेचले जात नाही. ती उघडीच राहिली की लोक म्हणतात, मशीन बिघडले.

वायरवर पिवळी आणि लाल अशा दोन खुणा असतात. पिवळ्या खुणेपर्यंत वायर बाहेर काढूनच मशीन चालवावे, कारण आत गुंडाळलेली वायर मोठ्या विजेवर तापते. लाल खूण म्हणजे आता पुढे ओढू नका. आखाती देशांतून आलेल्या मशीनचा प्लग चपट्या तीन पायांचा असतो. तिथला व्होल्टेज आपल्याला चालतो, पण 2000 वॉटचे मशीन जवळजवळ 9 अँपिअर वीज घेते. पंख्या-दिव्याच्या 6 अँपिअरच्या लहान सॉकेटवर स्वस्त ॲडॉप्टर लावून ते चालवणे धोक्याचे आहे. आम्ही वायरमनकडून प्लग बदलून 16 अँपिअरचा बसवून घेतला.

आणि वॉट म्हणजे ओढ नव्हे. वॉट म्हणजे मशीन खाते ती वीज. युरोपीय संघाने 2014 मध्ये घरगुती मशीनवर 1600 वॉटची आणि 2017 मध्ये 900 वॉटची मर्यादा घातली. तरी तिथली घरे साफ होतातच. हवेची वाट मोकळी असेल तर कमी वॉटचे मशीनही चांगले ओढते. वाट बंद असेल तर 2000 वॉटचेही नुसते ओरडते.

या ओरडण्यातही एक गंमत आहे. फिल्टर तुंबला की मशीनचा आवाज चढतो, तीक्ष्ण होतो. ऐकणाऱ्याला वाटते, काय जोरात काम करतेय! खरे तर उलटे असते. हवा कमी आल्यामुळे पंख्यावरचा भार कमी होतो आणि तो अधिक वेगाने फिरतो. बहुतेक घरगुती मशीनमध्ये हीच हवा मोटारीला गारही ठेवते. ती कमी झाली की मोटार तापते आणि सुरक्षेचे बटण आतून मशीन बंद करते. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबू नये. प्लग काढून ते निवू द्यावे आणि तोपर्यंत फिल्टर पाहावा. पिशवी भरल्याचा लाल दिवा किंवा लाल पट्टीसुद्धा दाबावर चालते. पाइपात मोजा अडकला तरी ती लाल होते, मग पिशवी रिकामी का असेना.

आता फिल्टरची देखभाल. आमच्या घरी ती अशी ठरली आहे.

डबा दोन-तृतीयांश भरला की रिकामा करायचा, पण घरात नाही. बिनपिशवीच्या डब्यातली धूळ ओतताना सगळ्यांत जास्त गुबार उडतो. आम्ही परसात, वाऱ्याची दिशा पाहून, नाकाला रुमाल बांधून, डबा पिशवीच्या तळापर्यंत नेऊन ओततो. दमा असलेल्या माणसाने हे काम करू नये. ज्यांच्या मशीनला कागदी पिशवी आहे त्यांनी ती रिकामी करून पुन्हा लावू नये. तिची छिद्रे बुजलेली असतात आणि कागद कमजोर झालेला असतो.

स्पंजाचा फिल्टर महिन्यातून एकदा साध्या पाण्यात दाबून दाबून धुवायचा. पिळायचा नाही, ब्रशने घासायचा नाही. मग सावलीत पूर्ण वाळवायचा. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो. कोकणातल्या पावसाळ्यात पंख्याखाली ठेवूनही दोन-तीन दिवस लागतात. ओलसर फिल्टर लावला तर धुळीचा चिखल होतो, बुरशी धरते आणि मशीन सुरू केल्याबरोबर कुबट वास येतो. तो वास म्हणजे बुरशी हवेत जात असल्याची सूचना. म्हणून आम्ही दोन स्पंज ठेवले. एक मशीनमध्ये, एक दोरीवर.

मागचा घड्यांचा फिल्टर धुता येतो असे त्यावर लिहिलेले असेल तरच धुवावा. नाहीतर परसात नेऊन कठड्यावर हलकेच आपटावा आणि ठरल्या मुदतीने बदलावा. आम्ही वर्षातून एकदा बदलतो. बसवताना रबरी पट्टी सगळीकडे नीट टेकली आहे ना, हे बोट फिरवून पाहतो. फिल्टर कितीही उत्तम असला, तरी कडेला फट राहिली तर पैसे वाया.

काही गोष्टी मशीनने कधीच ओढू नयेत. लोबान किंवा उदबत्तीची राख, चुलीची राख, भिंतीला भोक पाडताना पडलेली सिमेंटची पूड, सांडलेले पीठ आणि टाल्कम पावडर. हे कण इतके बारीक असतात की एका वेळेतच फिल्टर बुजतो. राखेत निखारा असला तर आगीचीही भीती. ओल्या जमिनीसाठी वेगळे मशीन असते. साध्या मशीनने पाणी ओढले तर ते मोटारीपर्यंत जाते.

आमचा फाटका फिल्टर बदलणे सोपे नव्हते. शहरातल्या एका दुकानदाराने मशीन पाहिले आणि सांगितले, "पार्ट मिळत नाही. नवीन घ्या, जुने एक्स्चेंजला देऊन टाका." मोटार उत्तम, पाइप उत्तम, आणि तळहाताएवढ्या कागदासाठी सगळे भंगारात? पगारदार घराला हे परवडत नाही आणि मनालाही पटत नाही. भावाला मशीनखालच्या पट्टीचा फोटो पाठवला. त्याने कुवेतच्या बाजारात तोच मॉडेल नंबर सांगून दोन फिल्टर घेतले. ते दीड महिन्याने, गावातल्या सुट्टीवर येणाऱ्या एका मुलाच्या बॅगेतून, खजुराच्या डब्याशेजारी बसून आले. तोपर्यंत अम्मींच्या खोलीत मशीन नेलेच नाही. तिथे ओले फडके चालवले.

नवा फिल्टर बसवल्यावर पुन्हा टॉर्च आणि पुन्हा रुमाल. झोत जवळजवळ स्वच्छ, रुमाल पांढरा. अम्मींचा दमा गेला का? नाही. दमा असा जात नाही. त्यांचा इनहेलर आणि डॉक्टरांची तपासणी चालूच आहे. पण सफाईच्या दिवशी येणारी खोकल्याची उबळ कमी झाली, एवढे आम्ही रोजच्या सोबतीवरून सांगू शकतो. तरीही मशीन चालू असताना आणि नंतर तासभर त्या दुसऱ्या खोलीत बसतात, कारण ब्रश फिरताना थोडी धूळ उडतेच. गादीतल्या अतिसूक्ष्म किड्यांसाठी मशीन एकटे पुरत नाही; चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवावे लागतात.

आणखी एक गोष्ट बदलली. घरात झाडलेले दिसते, म्हणून झाडणाऱ्याचे कौतुक होते. फिल्टर धुतलेला कोणाला दिसत नाही. असे न दिसणारे काम बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येते किंवा कोणाच्याच वाट्याला येत नाही. आमच्याकडे ते नववीतल्या मुलाकडे आहे. कपाटाच्या दाराच्या आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर स्पंज धुतल्याची, डबा पुसल्याची, मागचा फिल्टर बदलल्याची तारीख तो लिहितो. "दादी, रुमाल पांढरा!" असे ओरडून सांगतो. विज्ञानाच्या पुस्तकातला हवेचा दाब त्याला त्या कागदामुळे जास्त कळला, असे आम्हा शिक्षकांचे मत आहे.

ज्या वाचकांच्या घरी कपाटावर असे मशीन पडून आहे, त्यांनी ते 'ओढत नाही' म्हणून टाकून देण्याआधी एकदा मागची जाळी उघडून पाहावी. आणि जे नवीन घेणार असतील त्यांनी दुकानात वॉट, रंग आणि सोबतचे ब्रश विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. मागून हवा कुठून बाहेर पडते? आणि तिथला फिल्टर पाच वर्षांनी कुठे मिळेल? दुकानदाराला याचे उत्तर देता आले नाही, तर ते मशीन आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी आणि लहान मुलांसाठी नाही असे समजावे.